किल्ला भाड्याने देणे आहे



व्याख्यानाचे हे नाव मी थट्टेने दिलेले नाही. किल्ले खरोखरच भाड्याने मिळतात. स्कॉटलंडमध्ये ज्यांना कॅसल म्हणतात, अशा पुष्कळ जुन्या वास्तू आज लग्नासाठी, कंपन्यांच्या बैठकांसाठी, कोणाच्या साठीच्या समारंभासाठी दोन-तीन दिवस सबंध भाड्याने घेता येतात. शेकडो वर्षांच्या दगडी भिंतीआड निजावे, हरणांच्या शिंगांखाली मांडलेल्या लांबलचक मेजावर जेवावे, अंगणात बॅगपाइप वाजावा, आणि ठरल्या वेळी किल्ली परत करून मोटारीत बसावे. तेवढ्या दिवसांपुरता पाहुणा हाच तिथला सरदार. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला ही हौस वाटली, तर त्यात मला काही गैर दिसत नाही. लग्न आयुष्यात एकदाच होते. निदान त्या दिवशी तरी माणसाची तशी समजूत असते.

परंतु स्कॉटलंडच्या कॅसलशी आपट्याच्या माणसांचा संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस जवळचा होत आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पनवेल तालुक्यात फार्महाऊस लग्नांना आणि मेजवान्यांना भाड्याने देण्याचा धंदा त्याच्या आधीपासूनच जोरात आहे. आपल्या गावातली जुनी कौलारू घरे आणि लाकडी वाडे चित्रपटवाल्यांना केव्हापासून ठाऊक आहेत. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ सालच्या चित्रपटातला शेवटचा आगगाडीचा प्रसंग आपल्याच स्टेशनावर घेतला गेला, हे इथले शेंबडे पोरही पाहुण्याला सांगते. तेव्हा जुनी वास्तू भाड्याने देणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शेजारी कर्नाळ्याचा सुळका उभा आहे. उद्या कोणी आला आणि म्हणाला, हा वाडा मला द्या, ही गढी द्या, तो किल्ला द्या, मी तिथे पाहुणे उतरवतो आणि गावाला रोजगार देतो, तर गावाने त्याला काय उत्तर द्यावे? आजचा माझा विषय एवढाच आहे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. पण भाडेपट्टा हा एक करार असतो, आणि कामगारांचे करार वाचण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. करारात काय लिहिले आहे ते मागाहून पाहावे, काय लिहिलेले नाही ते आधी पाहावे, ही आमच्या कामातली पहिली शिकवण. त्याच नजरेने हा प्रश्न आपण तपासू.

प्रथम कॅसल म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. कॅसल हे सरदाराचे घर. त्यात तो बायकामुलांसह राहावयाचा, आणि ते बापाकडून मुलाकडे जावयाचे. त्याचा खर्च चाले तो भोवतालच्या कुळांच्या खंडावर. विसाव्या शतकात वारसाकर वाढले, नोकरचाकर महागले, छपरे गळू लागली. छप्पर असलेल्या इमारतीवर स्थानिक कर पडतो, म्हणून कित्येक मालकांनी आपल्या हाताने छपरे उतरवून घरे उघडी टाकली. ज्यांना तसे करवेना, त्यांनी दारे पाहुण्यांना उघडली. आपल्याकडे राजस्थानात हेच झाले. जयपूरचा रामबाग राजवाडा १९५७ साली हॉटेल झाला. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर तर अशा राजवाड्यांची रांगच लागली. यात वैभवाचा भाग थोडा आणि गळक्या छपराचा भाग फार.

पण सगळेच कॅसल खाजगी राहिले नाहीत. कलेन नावाचा एक कॅसल केनेडी घराण्याने १९४५ साली नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेच्या स्वाधीन केला. त्या वेळी वरचा मजला जनरल आयझेनहॉवर यांच्या उपयोगासाठी राखून ठेवला होता. आज त्याच खोल्यांत भाडे भरून कोणीही राहू शकतो, आणि खालची दालने तिकीट काढून पाहता येतात. एडिंबरो आणि स्टर्लिंग येथले मोठे किल्ले सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. तिथली भव्य दालने समारंभांना देतात, पण बहुधा संध्याकाळी, लोकांची पाहण्याची वेळ संपल्यावर. दिवस लोकांचा आणि रात्र भाडेकरूची, अशी ती वाटणी आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आणखी एक गोष्ट तिथल्या जाहिरातीत ठळकपणे सापडावयाची नाही. उत्तरेकडे डनरॉबिन नावाचा सदरलंडच्या उमरावांचा फार देखणा कॅसल आहे. त्या सदरलंड इलाख्यातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हजारो कुळांना त्यांच्या खोऱ्यांतून हुसकून लावण्यात आले. कारण काय, तर माणसांच्या खंडापेक्षा मेंढ्यांच्या लोकरीचे उत्पन्न अधिक होते. घरे जाळण्यात आली. कित्येक कुटुंबे समुद्रकाठी ढकलली गेली, कित्येक पुढे कॅनडाला गेली. जुन्या दगडाचे कौतुक करताना तो दगड कोणाच्या पोटावर उभा राहिला, हेही विचारावे लागते. स्कॉटलंडने हे विसरून चालणार नाही असे ठरवले. २००३ सालच्या कायद्याने तिथल्या बहुतेक साऱ्या मोकळ्या जमिनीवरून पायी हिंडण्याचा हक्क प्रत्येक माणसाला मिळाला, मग जमीन उमरावाची का असेना. त्याचे घर आणि घराभोवतीची बाग तेवढी वगळलेली आहे.

आता आपल्या मुलखात येऊ. आपल्याकडे कॅसलच्या जवळची वस्तू म्हणजे गढी किंवा वाडा. इनामदाराचा, देशमुखाचा, सरदाराचा. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांनी १७१० साली बांधलेली गढी आज जाधवगड या नावाने हॉटेल म्हणून चालते. तिथे खोल्या आहेत, लग्नेही होतात. ती एका घराण्याची गढी होती. तिचे हॉटेल झाले म्हणून कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. पडून माती झाली असती, त्यापेक्षा उभी राहिली हे बरेच.

डोंगरी किल्ला ही मात्र निराळी वस्तू आहे. ते कोणाचे घर नव्हते. शिवाजीमहाराजांच्या व्यवस्थेत किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी बरोबरीच्या दर्जाने नेमलेले असत, ते अशासाठी की एकाच्या मनात आले तर किल्ला परक्याच्या हाती जाऊ नये. किल्लेदार हा मालक नव्हता, नोकर होता. धान्याचे कोठार, दारूचे कोठार, पाण्याची टाकी, घेऱ्यातले मेटकरी हे सारे राज्याचे, म्हणजे आजच्या भाषेत सार्वजनिक. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरले, तेही जगदीश्वराच्या देवळाजवळ एका पायरीच्या दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागतील अशा ठिकाणी. त्यांच्या हाताखालच्या पाथरवटांची, बेलदारांची, चुना मळणाऱ्या बायकांची नावे तर पायरीवरही नाहीत.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, गढी आणि गड यांची गल्लत करू नये. गढीचा मालक आपली वस्तू भाड्याने देतो. गडाचा मालक असा एकटा कोणी नाही. तो भाड्याने देताना मंत्री आणि अधिकारी आपल्या सर्वांच्या वतीने सही करतात, आणि ज्याच्या वतीने सही होते त्याला करार वाचण्याचा अधिकार असतो.

२०१९ च्या सप्टेंबरात ही गल्लत आपल्या राज्यात झाली. पंचवीस किल्ले दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देऊन तिथे हॉटेले आणि लग्नाची ठिकाणे करण्याचा सरकारचा बेत वर्तमानपत्रांत आला आणि महाराष्ट्रभर गहजब झाला. मग खुलासा निघाला की, वर्ग एकचे म्हणजे संरक्षित आणि शिवकालाशी निगडित किल्ले यात नाहीत. वर्ग दोनचे, असंरक्षित किल्ले तेवढे आहेत. लोकांचा राग निवळला. माझे समाधान मात्र झाले नाही. राग कशाचा होता? किल्ल्यावर वरात चढणार याचा. तो स्वाभाविक आहे, मलाही वाटला. पण कोणता किल्ला द्यायचा यावर जेवढे बोलणे झाले, त्याच्या शतांशानेही कोणत्या अटींवर द्यायचा यावर झाले नाही. आणि वर्ग दोनचा किल्ला म्हणजे काय पोरका? त्याच्या तटाचे दगड काय कमी श्रमाने वर चढले?

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. नुसता राग हा बुरुजाला टेकू देत नाही. पावसाळ्यात तट ढासळतो, टाक्यात गाळ भरतो, भिंतीत पिंपळ शिरतो, तेव्हा निषेध करणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक घमेले घेऊन वर जातात. जे तरुण सुटीच्या दिवशी जाऊन टाकी उपसतात त्यांना माझा नमस्कार. पण सबंध राज्याचे किल्ले त्यांच्या एका सुटीच्या दिवसावर उभे राहणार नाहीत. बोरी नदीचे पाणी ज्याच्या पाणीमहालावरून कोसळते त्या नळदुर्गाच्या देखभालीचा करार सरकारने २०१४ साली एका खाजगी कंपनीबरोबर केला. तिथे बागा झाल्या, पर्यटकांच्या सोयी झाल्या. तेव्हा खाजगी हात लागला की सगळे विटाळले, असेही मी म्हणत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा आपल्या राज्यातले आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यांतल्या पन्हाळ्यावर तर नगरपरिषद आहे, शाळा आहेत, हॉटेले आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. किल्ला म्हणजे माणसांना मज्जाव, हा अर्थ पन्हाळ्याने कधीच खोटा पाडला आहे.

किल्ल्यात पाहुणे ठेवण्याचा सर्वांत बोलका दाखला मात्र तेरेखोलचा. गोव्याच्या उत्तर टोकाला, नदीच्या मुखाशी असलेला हा छोटा किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली तो पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही आत शिरले आणि त्यांनी एक दिवस तिथे तिरंगा फडकवला. पुढच्या साली, १९५५ मध्ये, हिरवे गुरुजी तेरेखोलला हुतात्मा झाले. पनवेलकरांना हे नाव मी नव्याने सांगावयास नको. गोवा मुक्त झाल्यावर पुढे त्याच किल्ल्यात हॉटेल निघाले. मोजून सात खोल्या, आणि त्यांना सोमवार, मंगळवार अशी सात वारांची नावे. मधल्या अंगणात जुने चर्च, ज्याचा सण गावकरी वर्षातून एकदा साजरा करतात.

त्या खोल्यांत कोणी राहिले म्हणून हुतात्म्याचा अपमान होतो, असे मी मानत नाही. ज्या किल्ल्याच्या दारात शिपाई बंदूक घेऊन उभा होता, तिथे उद्या एखादे नवे जोडपे समुद्र पाहत चहा पिते आहे, हेही स्वातंत्र्याचेच फळ आहे. पण ज्या दारासाठी माणसाने जीव दिला, ते दार 'फक्त पाहुण्यांसाठी' अशी पाटी लावून बंद झाले, तर मात्र तो अपमान खरा.

हे झाले दाराचे. आता माझ्या धंद्याच्या विषयाकडे, म्हणजे कामाकडे येतो. आपल्या देशातल्या संपांचा इतिहास लिहिणारे सामान्यतः नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या १८७७ सालच्या संपापासून आरंभ करतात. मी त्याच्या तेहेतीस वर्षे मागे जातो. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले. गडकरी म्हणजे पिढीजात किल्ल्याची चाकरी करणारे लोक. त्यांना चाकरीबद्दल जमिनी तोडून दिलेल्या होत्या. त्या जमिनींचा कारभार मामलेदारांच्या हाती देण्याचे ठरले, आणि गडकऱ्यांनी सामानगडाचे, भुदरगडाचे दरवाजे लावून घेतले. पन्हाळ्यावर तर कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्यालाच त्यांनी अडकवून ठेवले. इंग्रज फौजेने तोफा लावून ते बंड मोडले, तटबंद्या पाडल्या आणि शिबंदी बरखास्त केली. इतिहासकार याला बंड म्हणतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पिढ्यान्‌पिढ्या किल्ला राखणाऱ्याला न विचारता त्याच्या चाकरीच्या अटी बदलल्या, म्हणून त्याने दार लावले.

आज किल्ल्यावर, वाड्यात किंवा फार्महाऊसवर जो समारंभ होतो, तिथला गडकरी कोण? जागेचा मालक एक. त्याने जागा दिली समारंभ करून देणाऱ्या मंडळींना. त्यांनी जेवण दिले केटररला. केटररने माणसे मागितली मुकादमाकडे, आणि मुकादमाने नाक्यावरून, वाडीवरून पोरे टेम्पोत भरून आणली. वरमाईच्या हातात गुलाबजामची वाटी देणारा पोरगा आणि जागेचा मालक यांच्यामध्ये असे तीन जण उभे. दुपारी आलेला तो पोरगा पहाटे सुटतो. त्याची पोच नाही, हजेरी नाही, कढईतले तेल हातावर उडाले तर औषधाला पैसे कोणाचे याचा पत्ता नाही. तिघांपैकी ज्याला विचारावे तो चौथ्याकडे बोट दाखवतो. रसायनीचा हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा १९६० साली स्थापन झालेला सरकारी उद्योग. तिथले बहुतेक कारखाने बंद करण्याचा निर्णय २०१७ साली झाला. ज्या घरातला बाप कारखान्याच्या दरवाजावर हजेरीचा पंच मारीत होता, त्या घरातला मुलगा आज रात्री पांढरे हातमोजे घालून ताटे उचलतो. काम हलके आहे असे मी म्हणत नाही. कामाला नाव, हजेरी आणि हिशेब असला पाहिजे, एवढेच म्हणतो.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारचा मुहूर्त शोधतो, कारण पाहुण्यांना सुटी असते. त्या रविवारी जो वाढतो, त्याचा रविवार कोणता, हे आपण विचारतो काय?

तेव्हा गावाने काय उत्तर द्यावे, या पहिल्या प्रश्नाकडे मी परत येतो. 'नाही' हे उत्तर सोपे आहे, पण त्याने छप्पर गळायचे थांबत नाही. 'हो' हे उत्तर त्याहून सोपे आहे, आणि त्याचा पश्चात्ताप नातवंडांना होतो. आम्ही युनियनवाले अशा वेळी मागणीपत्र लिहितो. हे माझे मागणीपत्र. त्यात चारच कलमे आहेत.

पहिले कलम दाराचे. सार्वजनिक वास्तू कोणालाही दिली तरी तिची वाट, तिचे पाणी, तिथले देऊळ, दर्गा किंवा चर्च आणि तिथली यात्रा लोकांना खुली राहिली पाहिजे. समारंभ हा लोकांच्या वेळेनंतर. एडिंबरोला हे जमते, तर आपल्याला न जमण्याचे कारण नाही.

दुसरे कलम कामाचे. वास्तूत जो कोणी काम करील, मग त्याला कोणीही आणलेले असो, त्याच्या किमान वेतनाची, हजेरीची आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी भाडेपट्ट्यावर सही करणाऱ्याची. किमान वेतनाचा कायदा या देशात १९४८ सालीच झाला. पुढे कायद्यांची नावे आणि कलमे बदलली, तत्त्व बदललेले नाही. आणि गावातल्या माणसाला फक्त झाडू व ताटे नकोत. पाहुण्याला किल्ला दाखवून सांगणारा, जुन्या चुन्याचे काम करणारा गवंडी, हिशेबनीस, व्यवस्थापक, या जागांसाठीही त्याला शिकवून तयार केले पाहिजे.

तिसरे कलम हिशेबाचे. भाड्यातला ठरलेला वाटा त्याच वास्तूच्या दुरुस्तीवर खर्च झाला पाहिजे आणि तो हिशेब दरसाल ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. दुरुस्ती म्हणजे सिमेंटचा गिलावा नव्हे. जुना चुना श्वास घेतो. त्यावर सिमेंट थापले की आतला ओलावा कोंडतो आणि दगड फुटू लागतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. ज्या वास्तू यादीत नाहीत, त्यांना असे कवच नाही. त्यांचे कवच म्हणजे करारातले कलम आणि त्यावर लक्ष ठेवणारे गाव.

चौथे कलम मुदतीचे. करार असा असावा की ज्याने सही केली त्याच्या हयातीत तो संपावा आणि तपासला जावा. नातवाला बांधून घालणारी सही करण्याचा अधिकार आजोबाला नसावा.

वाडेवाल्यांना दोन शब्द सांगून मी संपवतो. तुमचा वाडा तुमचा आहे. एकेका वाड्याला किती वाटेकरी असतात, कौले शाकारायला माणूस मिळत नाही, सागवानी तुळईला वाळवी लागली तर काय खर्च येतो, हे मला माहीत आहे. चित्रपटाला द्या, लग्नाला द्या, पाहुण्यांना राहावयास द्या. ज्या वास्तूतून काही मिळते तीच टिकते, हा व्यवहार आहे. फक्त एवढे पाहा की, भाडे तुम्ही घ्याल, पण आळीतली झोप, रस्ता, विहीर आणि पाताळगंगेचे पाणी हे तुमच्या एकट्याचे नाही. ते भाड्यात देऊ नका. आणि तुमच्या अंगणात जो ताटे उचलतो, त्याला जाण्यापूर्वी त्याचे पैसे मिळाले की नाही, हे एकदा स्वतः विचारा. मालकाने तोंडी विचारलेला एक प्रश्न कित्येकदा आमच्या दहा निवेदनांचे काम करतो.

आणि तरुणांना एक काम सांगतो. गावातल्या जुन्या वास्तूंची यादी करा. कोणाच्या मालकीची, किती वर्षांची, छप्पर कसे, कोणत्या वाटेवर लोकांचा हक्क चालत आला आहे, हे साध्या वहीत लिहून ग्रामपंचायतीत दाखल करा. ज्याची यादी नाही त्याचा करार होताना कोणाला कळत नाही. भाड्याने मागणारा उद्या येवो वा दहा वर्षांनी येवो, तो आपला वकील घेऊन येईल. गावाजवळ निदान वही तरी असावी.

दसऱ्याला आपण ज्या झाडाची पाने सोने म्हणून वाटतो, त्याच झाडाचे नाव आपल्या गावाला आहे. पान एकट्याने ठेवून घेतले तर ते पालाच. हातोहात दिले-घेतले म्हणजे सोने. आपल्या जुन्या वास्तूंचेही तसेच आहे.